उस्मानाबादी शेळीची कास मोठी, तरी दूध कमी का?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या वेताच्या उस्मानाबादीची कास भरलेली दिसते, पण धार अर्ध्या लिटरच्या पुढं जात नाही; पद्धत चुकते की शेळीच तशी?

आधी एक करा. धार काढून झाली की कास तळहातावर घेऊन बघा. रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतून लोंबली, तर आत होतं ते दूधच होतं. भरीवच राहिली, तर ती मांसल कास; तिथं हाताचा दोष नाही. मी एकदा बाजारात असाच फसलो. विकणाऱ्यानं आदल्या सकाळपासून धारच काढली नव्हती, कास तटतटलेली, सड ताठ, आणि मी भाव न करता पैसे मोजले. तेव्हापासून धार काढून रिकामी कास बघितल्याशिवाय शेळी घेत नाही. एक बाजू टणक, गरम लागली किंवा दुधात गुठळ्या दिसल्या, तर ती दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता हाताचं. शेळीचं बरंचसं दूध सडाच्या वरच्या कोठीत साठलेलं असतं, त्यामुळं पान्हा न सोडताही पहिली धार जोरात येते आणि माणूस तिथंच उठतो. वर राहिलेलं, सगळ्यात दाट दूध पान्हवल्यावरच उतरतं. ते रोज आत राहिलं की कास हळूहळू दूध कमी बनवायला लागते. म्हणून कोमट पाण्यानं कास पुसा, करडू ढुशा मारतं तसं तळव्यानं हलकं वर ढकला, मिनिटभर थांबा आणि पाच-सहा मिनिटांत उरका. शेवटी पुन्हा एकदा ढुशी देऊन उरलेली धार काढा.

अंगठा मुडपून सड दाबायची सवय असेल तर सोडा, आतून इजा होते. अंगठा आणि तर्जनीनं सडाचं वरचं तोंड बंद करायचं, मग खालची बोटं एकेक करून मिटायची. ओढायचं नाही. उस्मानाबादीचे सड आखूड असले तर दोनच बोटं बसतात, चालतं.

आणि अर्धा लिटर फार मनाला लावून घेऊ नका. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली, आणि ती मुळात मटणासाठी, जुळ्या करडांसाठी नावाजलेली; दिवसाला अर्धा ते दीड लिटर हीच तिची चाल. करडं पीत असतील तर त्यांच्या पोटातलंही धरा. संध्याकाळची धार पूर्ण काढा, करडं रात्रभर वेगळी बांधा, सकाळी बारा तासांनी मापानं मोजा आणि मग इथं आकडा सांगा.