सवलत कागदावर, शिक्का कोणाच्या हातात? वाचकांचे प्रश्न

आदिवासी उत्पादक आणि आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. आधी एक खुलासा. परदेशांतील अशा समाजांसाठी ‘मूलनिवासी’ हा शब्दही वापरतात, पण आपल्याकडे त्याला वेगळा राजकीय अर्थ चिकटला आहे. म्हणून इथे सगळीकडे ‘आदिवासी’ असेच म्हटले आहे.

‘इपेटका’ नावाचा आदिवासींसाठीचा व्यापार करार झाल्याचे वाचले. भारत त्यात आहे का? आणि त्याने नेमके काय मिळते? (नाशिक)

भारत त्यात नाही. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि तैवान यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. तिला करार म्हणण्यापेक्षा सहकार्याची चौकट म्हणावे. तिच्यामुळे कोणत्याही मालावरचे सीमाशुल्क कमी होत नाही, ती कायद्याने बंधनकारक नाही आणि तिच्या आधारे कोणी कोणावर दावा लावू शकत नाही. आदिवासींचे आणि सरकारांचे प्रतिनिधी भागीदारी परिषदेत एकत्र बसून कामे ठरवतात. इतर देशांनाही सामील होता येते.

तरीही आम्ही तिला किरकोळ मानत नाही. आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांत मताला आला, तेव्हा विरोधात मत देणारे देश चारच होते : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. यांतल्या तिघांनी नंतर तो जाहीरनामा मान्य केला आणि चौदा वर्षांनी आदिवासींना व्यापाराच्या चर्चेत शेजारी बसवले. भारताने मात्र २००७ मध्येच बाजूने मत दिले होते. आपल्या व्यापार करारांच्या मसुद्यावर आदिवासी संघटनांचे मत घेण्याची पद्धत रुजलेली नाही, ही आमची खंत आहे.

मग बंधनकारक करारात आदिवासींसाठी काही लिहिलेले असते का? (पुणे)

असते, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘अपवाद’. सर्वांना समान वागणूक देण्याची अट व्यापार करारात असते. त्यामुळे सरकारने फक्त आदिवासींच्या संस्थेला कंत्राट किंवा अनुदान दिले, तर समोरचा देश भेदभावाची तक्रार करू शकतो. माओरी या न्यूझीलंडच्या आदिवासी समाजाबरोबर १८४० मध्ये झालेल्या वैतांगी तहाचा आधार घेऊन न्यूझीलंडने यावर उपाय काढला. माओरींना झुकते माप देणे आवश्यक वाटले तर देता येईल, फक्त तो व्यापार रोखण्याचा आडमार्ग नसावा, असे कलम त्यांनी २००१ मध्ये लागू झालेल्या सिंगापूरबरोबरच्या करारात घातले. तेव्हापासून ते त्यांच्या करारांत येत राहिले आहे. वैतांगी तहाचा अर्थ काय, हा मुद्दा व्यापार-तंटा लवादापुढे नेता येणार नाही, असेही त्यात लिहिलेले असते. सगळे बळ या ओळीत आहे. ती नसती तर तहाचा अर्थ परदेशी लवादाने लावला असता.

दुसरा प्रकार म्हणजे सहकार्याचे स्वतंत्र प्रकरण. न्यूझीलंड-तैवान (२०१३), न्यूझीलंड-ब्रिटन (३१ मे २०२३ पासून लागू) आणि न्यूझीलंड-युरोपीय संघ (१ मे २०२४ पासून लागू) या करारांत ते आहे. एखाद्या करारात आदिवासींविषयी कलम दिसले, तर ते या दोनपैकी कोणते हे आधी पाहावे. अपवादामुळे सरकारचे हात मोकळे होतात. सहकार्याच्या प्रकरणातून बैठका आणि कार्यक्रम मिळतात.

सवलत मिळूनही आदिवासींचा माल विकला गेला नाही, असे उदाहरण आहे का? (चंद्रपूर)

आहे, आणि ते प्रत्येक उत्पादक संघाने समजून घ्यावे असे आहे : इनुइट या आदिवासी लोकांची सील या समुद्री प्राण्याची कातडी.

आर्क्टिकमधले इनुइट मुख्यतः रिंग्ड सील या जातीची शिकार करतात. मांस घरात खाल्ले जाते, कातडे विकून काडतुसे आणि इंधन येते. १९८३ मध्ये युरोपने हार्प सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या आणि हूडेड सीलच्या निळ्या पाठीच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइट ती पिल्ले मारत नव्हते, शिवाय त्यांच्या पारंपरिक शिकारीला नियमातच सूट होती. तरी त्यांचा बाजार कोसळला. दुकानात टांगलेल्या कोटावरून कातडे कोणी आणि कसे मिळवले हे गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून त्याने सीलच नाकारला.

२००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या जवळजवळ सर्वच मालाची विक्री बंद केली. इनुइटांसाठी पुन्हा अपवाद ठेवला. अट अशी की, शिकार पारंपरिक आणि उपजीविकेसाठी झाली आहे, असा दाखला मान्यताप्राप्त संस्थेने प्रत्येक मालाबरोबर द्यावा. ग्रीनलँडमध्ये कातडी एकाच मोठ्या कारखान्यात कमावली जात असल्याने नोंद ठेवणे आणि दाखला देणे जमले. कॅनडातील नुनावुतमध्ये एकमेकींशी रस्त्याने न जोडलेल्या २५ वस्त्या आहेत आणि दाखला देणारी मान्यताप्राप्त संस्थाच तेव्हा नव्हती. सवलत दोघांना सारखी, माल मात्र एकाचाच गेला.

कॅनडा आणि नॉर्वे हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेले. मे २०१४ च्या अपील निकालाने सार्वजनिक नीतिमत्तेच्या आधारावर बंदी ग्राह्य धरली, पण अपवादाची अंमलबजावणी भेदभावाची ठरवली. कॅनडाच्या इनुइटांना तो वापरता यावा यासाठी युरोपने पुरेसे प्रयत्न केले नाहीत, हे त्यातले एक कारण. पुढे २०१५ मध्ये नियम दुरुस्त झाला आणि नुनावुत सरकारच्या पर्यावरण विभागाला दाखले देण्याची मान्यता मिळाली. मधल्या काळात तुटलेले गिऱ्हाईक मात्र निकालाने परत येत नाही.

म्हणून कोणत्याही सवलतीविषयी तीन गोष्टी विचाराव्यात. दाखला कोण देणार? ते कार्यालय उत्पादकापासून किती लांब आहे? माल गोळा होताना कोणाचा कोणता, ही खूण टिकते का? तिसऱ्या जागी सर्वाधिक घोळ होतो, कारण व्यापारी दहा गावांचा माल एकाच पोत्यात ओततो.

आमच्या गटातील वारली चित्रे ऑस्ट्रेलियात विकायची आहेत. कुठून सुरुवात करावी? (डहाणू)

सुरुवात भौगोलिक मानांकनापासून (जीआय) करा. वारली चित्रकलेला ते मिळालेले आहे आणि नोंदणी आदिवासी युवा सेवा संघाच्या नावावर आहे. पण मानांकन आहे म्हणून प्रत्येक चित्रकाराला ती खूण वापरता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते. अर्ज जीआय-३ नमुन्यात असतो. आपण खरेच निर्माते आहोत याचे प्रतिज्ञापत्र आणि कामाचे नमुने सोबत द्या. ही नोंद दहा वर्षांची असते, पण मूळ मानांकनाची मुदत आधी संपली तर तीही संपते. तेव्हा अर्जापूर्वी मूळ नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे पाहून घ्या.

आपले मानांकन भारतापुरतेच चालते. ऑस्ट्रेलियात कोणी ‘वारली’ नावाने छापील चादरी विकल्या, तर त्याच्या आधारे तिथे थांबवता येत नाही. त्यासाठी त्या देशात समूहाच्या नावाने प्रमाणन चिन्ह, म्हणजे ठरलेल्या अटी पाळणाऱ्यांनाच वापरता येणारे चिन्ह, नोंदवावे लागते. ते खर्चिक असल्याने एकट्या गटाने न करता संघाने मिळून करावे.

निर्यातीसाठी गटाला आयात-निर्यात कोड लागतो. अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर करायचा, शुल्क ५०० रुपये, आणि पॅन क्रमांक हाच कोड. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती बरोबर असल्याची खात्री तिथे नोंदवा. ते राहिले की कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल तयार असताना ते लक्षात येते. गट जीएसटीत नोंदलेला असेल तर कर न भरता माल पाठवण्यासाठी आरएफडी-११ हे हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावे लागते. थोडा माल असेल तर टपाल खात्याचे डाकघर निर्यात केंद्र सोयीचे पडते.

सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गाचा सांकेतिक क्रमांक निवडताना चूक हमखास होते. पूर्णपणे हाताने काढलेले चित्र ९७०१ मध्ये येते. कापडी पिशवी, मडके किंवा ट्रेवर हाताने नक्षी काढली असेल तर मात्र ती वस्तू पिशवी, मडके किंवा ट्रे याच वर्गात जाते, कारण ९७०१ मधून हाताने सजवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. मूळ चित्राची छापील प्रत ४९११ मध्ये जाते. सगळेच ‘पेंटिंग’ म्हणून लावले की तिथले सीमाशुल्क खाते माल अडवते, आणि फरकाची रक्कम मागितली जाते ती खरेदीदाराकडे.

आता ऑस्ट्रेलियाची खास अडचण. आपल्याकडे कापडावर शेण-मातीचा किंवा गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम माती, शेण, पेंढा आणि प्रक्रिया न केलेला बांबू यांबाबत फार कडक आहेत. शेणाचा थर दिलेले चित्र अडकून नष्टही केले जाऊ शकते. अशा मागणीसाठी पृष्ठभाग गेरू रंगाच्या अॅक्रिलिकने तयार करा आणि तसे वर्णनात स्पष्ट लिहा. खरेदीदाराला आधी त्यांच्या ‘बायकॉन’ या सरकारी यादीत अटी तपासायला सांगा. चौकट पाठवू नका. चित्र गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घाला, भरणीला पेंढा नको. लाकडी पेटी हवीच असेल तर तिचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले आणि त्यावर आयएसपीएम-१५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असलेले असावे.

वनौषधीची माहिती कंपनीला दिली तर वाटा कसा ठरवावा? (गडचिरोली)

दक्षिण आफ्रिकेतल्या दोन अनुभवांची तुलना करा. हुडिया या वनस्पतीने भूक मरते हे सान लोकांचे ज्ञान. त्यावर तिथल्या सरकारी संशोधन परिषदेने पेटंट घेतले आणि २००३ मध्ये सान लोकांशी करार केला : परिषदेला मिळणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या रकमांत ८ टक्के आणि रॉयल्टीत ६ टक्के. पण औषध बाजारातच आले नाही, त्यामुळे रॉयल्टीचे टक्के कोरडेच राहिले.

रॉयबॉस चहाबाबत २०१९ मध्ये खोई आणि सान समाजांशी करार झाला. शेताच्या बांधावरच्या किमतीवर १.५ टक्के आकार, तो प्रक्रिया करणाऱ्यांकडून दरवर्षी वसूल करायचा. टक्का लहान, पण माल विकला गेला की पैसे येतातच. २०२२ च्या पहिल्या हप्त्यात १ कोटी २२ लाख रँड जमा झाले.

आपल्याकडेही वाटा नफ्यावर कधीच मागू नका, कारण नफा कंपनीच्या वहीत ठरतो. खरेदी किमतीवर किंवा वजनावर मागा आणि दरवर्षी खरेदीची वही पाहण्याचा हक्क लिहून घ्या. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत ती वनस्पती आणि तिचा वापर आधी नोंदलेला असू द्या. तोंडी माहिती दिल्यानंतर हात रिकामे राहतात.

अमेरिकेत ‘नेटिव्ह अमेरिकन’ धाटणीचे चांदीचे दागिने विकणे चालेल का? (कोल्हापूर)

दागिने विकता येतात. ते त्या जमातींनी बनवले आहेत असे सुचवता येत नाही. १९९० च्या कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीस अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कंपनीला दहा लाख डॉलरपर्यंत दंड. ऑस्ट्रेलियातही इंडोनेशियात बनलेली बूमरँगे तिथल्या आदिवासींच्या हातची असल्याचे भासवल्याबद्दल एका घाऊक विक्रेत्याला २०१९ मध्ये २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. खोक्यावर ‘भारतात बनवलेले’ ठळक लिहा, जमातीचे नाव किंवा चिन्ह वापरू नका. वारली नाव दुसऱ्याने ओरबाडले तर आपल्याला जे वाटेल, तेच तिथल्या कारागिरांनाही वाटते.