घड्याळ अडवून बसणारा प्रतिस्पर्धी

प्रश्न : मी 62 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. तरुणपणी सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात पटासमोर बसून खेळलो. आता रोज संध्याकाळी मोबाइलवर दहा मिनिटांचे डाव खेळतो. डाव हातचा गेला की अनेक जण घड्याळ तसेच चालू ठेवून गप्प बसतात. परवा वजीर आणि हत्ती गमावलेला एक खेळाडू मात होण्याच्या आधी सात मिनिटे थांबला आणि तेवढा वेळ चॅटमध्ये अर्वाच्य मजकूर लिहीत राहिला. मीही संतापून तशाच भाषेत उत्तर दिले. ते शेजारी बसलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीने वाचले. मुळात वजीर गेल्यावरही डाव न सोडणे हाच रडीचा डाव नव्हे काय? यावर उपाय काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच रागात मिसळल्या आहेत आणि त्यांपैकी एक मला मान्य नाही. वजीर गेला तरी डाव न सोडण्यात गैर काही नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत डाव सोडण्याची मुभा आहे, सक्ती कोठेही नाही. घाईच्या डावात वजीर जास्त असलेला खेळाडूही कधीकधी समोरच्या राजाला शह न देताच त्याच्या सगळ्या वाटा बंद करून बसतो आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. त्या आशेवर कोणी खेळत राहिला, तर त्याच्यावर मात करून दाखवणे हे आपले काम आहे.

घड्याळ अडवून बसणे हा मात्र खरोखर रडीचा डाव. मंडळात हे सहसा घडत नाही, कारण हरलेल्या स्थितीत सात मिनिटे समोरच्याच्या नजरेला नजर देत आणि भोवती जमलेल्यांची कुजबुज ऐकत बसणे त्या खेळाडूलाच जड जाते. मोबाइलवर ती लाज उरत नाही. शिवाय अशा खेळाडूचा डोळा आपल्या कंटाळ्यावर असतो : आपण चहा गाळायला उठावे आणि त्याच्या घड्याळात पाच-दहा सेकंद उरलेली असताना त्याने हळूच चाल करावी, म्हणजे घड्याळ आपले पळू लागते. (मी स्वतः असा एक डाव घालवला आहे, चहा मात्र चांगला झाला होता.) म्हणून मोबाइलचा आवाज चालू ठेवावा, आणि समोरच्याला एकच चाल शक्य असेल तर आपली पुढची चाल आधीच लावून ठेवावी. त्याने चाल केली की ती आपोआप पडते.

याहून पक्का उपाय डावाची वेळ निवडण्यात आहे. आपण खेळता त्या दहा मिनिटांच्या डावात चालीमागे वेळ वाढत नाही. त्याऐवजी पाच मिनिटे आणि प्रत्येक चालीला पाच सेकंदांची भर, असा डाव घेऊन पाहावा. चाळीस चालींच्या डावात प्रत्येकाला एकूण 8 मिनिटे 20 सेकंद मिळतात, म्हणजे विचाराला वेळ फारसा कमी पडत नाही. विसाव्या चालीपर्यंत प्रतिस्पर्ध्याने तीन मिनिटे खर्च केली असतील, तर आताच्या डावात अडवून ठेवायला त्याच्या हाती सात मिनिटे असतात. भर असलेल्या डावात जेमतेम 3 मिनिटे 40 सेकंद. शिवाय आपल्याकडे थोडेच सेकंद उरले तरी प्रत्येक चालीला पाच सेकंद मिळत राहिल्याने शांतपणे मात करता येते, जे आपल्या वयात मलाही महत्त्वाचे वाटते.

प्रतिस्पर्धी पानच बंद करून निघून गेला, तर लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर थोड्या वेळाने विजयाचा दावा करण्याचा पर्याय दिसतो. पान उघडे ठेवून नुसता बसून राहिला, तर त्या डावापुरते वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही; मात्र असे वारंवार करणाऱ्या खात्यावर तेथील यंत्रणा काही काळ नवे डाव खेळण्याची बंदी घालते.

शिवीगाळीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्या खेळाडूने अपशब्द लिहिले असतील त्याची तक्रार करावी, त्याला ब्लॉक करावे आणि पुढच्या डावापासून चॅट बंद ठेवावे. लिचेसवरील झेन मोड चालू केला, तर चॅटबरोबर रेटिंगसुद्धा पटाशेजारून नाहीसे होते, आणि प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा दोनशे गुणांनी कमी असल्याचे पाहून चढणारा रागही वाचतो. आपण दिलेले उत्तर मात्र आपल्याच खात्यावर नोंदले गेले आहे. उद्या त्याने आधी तक्रार केली, तर पाहणाऱ्याला दोघांचे शब्द सारखेच दिसतील.

राहिली नात. तिने ते वाचलेच आहे, तेव्हा विषय टाळू नये. ‘माझे चुकले, तसे लिहायला नको होते’ एवढे तिला सांगावे. ती स्वतः खेळणार असेल, तर तिच्यासाठी वेगळे खाते उघडून त्यावर किड मोड सुरू करावा. त्यात चॅट आणि संदेश दोन्ही बंद राहतात, आणि ती हरल्यावर काय बोलते ते फक्त आपल्यालाच ऐकू येते.