अमेरिकेतलं एखादं छोटं खेडं कसं वसलं आणि नंतर ओस का पडलं, कुणी सांगेल का?

एकाच गावाचं सांगतो, निकोडेमस. कॅन्ससमध्ये नोकरीला होतो तेव्हा दोनदा जाऊन आलोय आणि ते गाव डोक्यातून जातच नाही.

कॅन्सस राज्याच्या वायव्येला ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ हे गाव आहे. चहूबाजूंनी सपाट माळ, गव्हाची शेतं, झाडं दिसली तर नदीकाठाला, आणि वारा कायम. नकाशात बघा, 100 अंश पश्चिम रेखांश तिथनं जवळच जातो, त्याच्या पूर्वेला बऱ्यापैकी पाऊस आणि पश्चिमेला कोरडं, म्हणजे गाव अगदी काठावर, एक वर्ष पिकलं की दुसऱ्या वर्षाची खात्री नाही.

तर 1877 साली डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमिनीचा धंदेवाला आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाद्री, यांनी हे गाव आखलं, आणि केंटकीतल्या, नुकत्याच गुलामीतनं सुटलेल्या लोकांना सांगितलं की इकडं या, स्वतःची जमीन मिळेल. होमस्टेड कायद्याखाली (वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा कायदा) 160 एकर मिळायची, पण पाच वर्षं तिथं राहून कसायला लागायची. (आपल्या महात्मा फुल्यांनी गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांना आपलं पुस्तक अर्पण केलं ते 1873 मध्ये, म्हणजे काळ तोच.) लोक आले, एलिस स्टेशनला उतरले आणि तिथनं पन्नासेक किलोमीटर माळ तुडवत गावाला गेले.

विलियाना हिकमन नावाची बाई 1878 च्या वसंतात आली, तिची आठवण नोंदलेली आहे. एलिसलाच गोवर पसरून त्यांच्यातली काही लहान मुलं गेली होती. पुढं चालत चालत पोचल्यावर पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! तिला काहीच दिसेना. नवऱ्यानं बोट दाखवलं तर जमिनीतनं धूर येत होता. घरं बांधायला लाकूडच नव्हतं, म्हणून लोक जमीन खोदून आत राहत होते. ती रडायलाच लागली. मला वाटतं कुणीही रडलं असतं, इतकं सोसून यायचं आणि पुढं नुसतं बीळ. आदल्या हिवाळ्यात शिकारीवरनं परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी अन्न दिलं म्हणून जगलो, असं तिथली मंडळी आजही सांगतात.

काही लोक परत गेले, पण राहिले त्यांनी कुदळ-फावड्यानं जमीन फोडली आणि दहा वर्षांत बँक, दुकानं, हॉटेल, शाळा, चर्च, दोन वर्तमानपत्रं एवढं उभं केलं. त्यांच्यातलाच ई. पी. मॅकेब 1882 मध्ये राज्याचा ऑडिटर (हिशेब तपासणारा अधिकारी) म्हणून निवडून आला!

मग रेल्वे. माझ्या मते गावाचं सगळं नशीब इथंच फिरलं. 1887 मध्ये रेल्वे यावी म्हणून गावानं 16,000 डॉलरचे बाँड (कर्जरोखे) मंजूर केले, तरी ती आली नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले ते नदीच्या पलीकडनं, आणि स्टेशनाजवळ बोग नावाचं गाव वसलं. मालाची गाडी तिकडं थांबणार म्हटल्यावर व्यापारी तिकडं गेले, काहींनी तर दुकानाची इमारतच उचलून नेली. शेतकरी मात्र टिकून राहिले, त्यांना 1930 च्या दशकातल्या मंदीनं आणि धुळीच्या वादळांनी हलवलं. पोस्ट ऑफिस 1953 ला बंद झालं, नंतर शाळाही.

आता तिथं कायमचं राहणारी माणसं अगदी थोडी. 1996 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि पाच जुन्या इमारती जपल्यात. पण पूर्ण ओस पडलं असं मी म्हणणार नाही, कारण दरवर्षी जुलैच्या शेवटच्या वीकेंडला देशभर पांगलेले त्यांचे वंशज घरी येतात, आपल्याकडं जत्रेला चाकरमानी येतात तसे. परेड असते, जेवणं असतात, चर्चमध्ये प्रार्थना असते. जायचं असेल तर तेव्हाच जा. एरवी गेलात तर रस्त्यावर बोलायला माणूस भेटेलच असं नाही.