घाटात गाडी गरम होते, इंजिन खोलू का?

प्रश्न: दादा, माझी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. गावात काही त्रास नाही, पण चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाट चढायला लागलो की अर्ध्यातच टेंपरेचरचा काटा वर जातो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला तरी तेच, वर अ‍ॅव्हरेज पण पडलं. आता म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. कुलंट कमी झालं की मी घरचं बोअरचं पाणी टाकतो. काय करू?
- एक वाचक, कराड

उत्तर: अहो, थांबा, इंजिन लगेच खोलू नका. उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे, बोअरचं पाणी! त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो ना तसाच, आणि मग निम्मा रेडिएटर चोक. सपाटीला निम्म्यावर भागतं, घाटात मात्र सेकंड गिअर, गाडीत चार माणसं, एसी चालू, वेग कमी म्हणून समोरचा वाराही नाही, तिथे तो पुरा पडत नाही.

फक्त सिग्नलला गरम होत असती तर मी आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले बघा म्हटलं असतं.

थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. तो म्हणजे कुलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, तोपर्यंत इंजिनला तापू देतो. काढला की इंजिन गावात थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, म्हणून तुमचं अ‍ॅव्हरेज पडलं. नवीन बसवून घ्या, महाग नसतो.

रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, जास्तच चोक असेल तर बदला. कुलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा, बहुतेक जण हे विसरतात, झाकण प्रेशर धरतं म्हणून कुलंट 120 डिग्रीलाही उकळत नाही, रबर कडक झालं की प्रेशर सुटतं आणि पाणी बाटलीतून बाहेर. कुलंट कमी का होतं हे पण शोधायला हवं, पाइप, वॉटर पंप, खाली कुठे ठिबकतंय का ते सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा.

हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या सीलची, शंका कधी घ्यायची? ऑइल दुधाळ झालं, गरम इंजिनलाही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला किंवा कुलंटमध्ये सारखे बुडबुडे आले तर. यातलं काही नसेल तर मेकॅनिकला स्पष्ट विचारा, कशावरून म्हणतोस बाबा?

घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल (घाम फुटेल, फुटू द्या), आणि उतरला नाही तर कडेला घेऊन बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी तर अजिबात नको, हेडला तडा जातो.

रेडिएटरचं काम होईपर्यंत चिपळूणला एसटीने जा.