टेबल कुठं आहे ते आधी विचार

तुझ्या आईनं काल ओले काजूगर दिले आणि तुझा निरोपही: युगांडात जिल्हा प्रशासनाला बळ द्यायच्या परदेशी मदतीच्या प्रकल्पात दोन वर्षांची नोकरी आलीय, जाऊ का? पूर्व युगांडातल्या म्बाले शहरात माझी नऊ वर्षं झाली. सध्या सुट्टीवर गुहागरात आहे, तेव्हा पडवीत बसून सावकाश लिहिते.

काम तुला परकं वाटणार नाही. आपल्याकडं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. तिकडं एलसी, म्हणजे लोकल कौन्सिल, स्थानिक परिषद: एलसी-वन गावाची, एलसी-फाइव्ह जिल्ह्याची. १९९५ ची राज्यघटना आणि १९९७ चा स्थानिक शासन कायदा यांनी शाळा, दवाखाने, पाणी, गावरस्ते जिल्ह्यांकडं सोपवले. परिषदांत एक तृतीयांश जागा बायकांना. कागदावर आपल्या पंचायतींना अधिकार देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची बहीणच.

खरी गोम तिजोरीत आहे. आपली ग्रामपंचायत रडतखडत का होईना, घरपट्टी वसूल करते. तिकडं ग्रॅज्युएटेड टॅक्स नावाची डोईपट्टी होती. लोक वैतागलेले, वसुलीला धरपकड व्हायची, पण जिल्ह्याच्या हक्काचा पैसा तोच. २००५ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, ती बंद केली. आता जिल्ह्याच्या शंभरातले नव्वदहून जास्त शिलिंग राजधानी कंपालाहून येतात आणि बहुतेक कशावर खर्चायचे ते वरूनच ठरलेलं असतं. सीएओ, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य प्रशासकीय अधिकारी, आपल्या झेडपीचे सीईओ समज, त्यांची नेमणूकही केंद्रानं स्वतःकडं घेतली. जिल्हे मात्र वाढत वाढत सव्वाशेच्या वर गेले. गावपातळीची निवडणूक २००१ नंतर थेट २०१८ मध्ये झाली, तीही उमेदवारामागं रांग लावून!

मदतीनं काहीच झालं नाही असं मात्र समजू नकोस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या भांडवल विकास निधीनं पाच जिल्ह्यांना विकासाचा पैसा थेट द्यायचा प्रयोग केला. मग जागतिक बँकेच्या मदतीनं तीच पद्धत पसरली. आराखडा हवा, हिशेब हवा, दहा टक्के स्वतःचे हवेत. काम चांगलं तर पुढच्या वर्षी २० टक्के जास्त, वाईट तर २० टक्के कमी. आपल्याकडं जागतिक बँकेच्याच मदतीची जलस्वराज्य ही गावपाण्याची योजना आली तेव्हा तू शाळेत होतीस. वाडीत दहा टक्के लोकवर्गणी गोळा करताना किती भांडणं झाली, आईला विचार. पण ज्यांनी पैसे भरले, तेच पुढं पाइप मोजायला उभे राहिले.

आता माझी फजिती. माझ्या पहिल्या प्रकल्पात आम्ही जिल्ह्याच्या नियोजनाची सुंदर संगणकीय यादी केली. ऑफिस वेगळं, गाड्या वेगळ्या, पगार वेगळे. जिल्ह्याचा हुशार अकाउंटंटही आम्हीच ओढून घेतला. निधी संपला, लॅपटॉप परत गेले, अकाउंटंट दुसऱ्या प्रकल्पात. नियोजन अधिकारी पुन्हा रजिस्टर घेऊन बसला, तेही अकाउंटंटविना. त्याला बळ द्यायला गेलो होतो आम्ही!

म्हणून मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचार. तुझं टेबल जिल्हा कचेरीत की कंपालात, कोलोलो या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात? पैसा जिल्ह्याच्या अंदाजपत्रकातून जातो की प्रकल्पाच्या निराळ्या खात्यातून? आणि तुझ्या हाताखाली शिकणारा माणूस जिल्ह्याच्या पगारावर आहे ना? तिन्ही उत्तरं उलटी आली तर मी तरी जाणार नाही. पैसे साठवायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात काही लाज नाही.

बैठकीला ‘फॅसिलिटेशन’ मागतील, म्हणजे भत्ता. लगेच नाक मुरडू नकोस. मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे कित्येक महिने न मिळालेला माणूस असतो तो.

बाकी किरकोळ. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घे, लस घेतल्याचं पिवळं कार्ड परत येतानाही मुंबईत लागतं. वर्क परमिट मालकानं काढायचं; ‘आधी पर्यटक म्हणून या’ म्हणाले तर नाही म्हण. विम्यात आजारपणात विमानानं हलवायचा खर्च आहे का ते बघ. मासे मिळतात, पण सगळे गोड्या पाण्यातले, तेव्हा आमसुलं भरपूर ने. मी सात जूनपर्यंत इथं आहे, करारपत्र आलं की घेऊन ये.