नस दबली आहे, पण कोणती नस?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. तुमचे वय 34 आहे, सेलूला घरीच शिवणकाम करता, आणि गेले सात महिने उजव्या हाताच्या करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. वेणी घालताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना हात गळून जातो. एक्स-रेमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना जादा बरगडी दिसली, एनसीव्ही तपासणी (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) मात्र नॉर्मल आली. डॉक्टरांनी ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम आहे, नस दबली आहे, बरगडी काढावी लागेल’ असे सांगून पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे, आणि त्या तारखेला जावे की नाही हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी डॉक्टर नाही. अहमदपूर तालुक्यातल्या एका शाळेत वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलेला शिक्षक आहे, आणि 2018 पासून हेच निदान माझ्याही फायलीत आहे. त्यामुळे मी लिहितो ते डॉक्टरांना काय विचारावे एवढ्यापुरतेच धरावे.

आपल्याकडे ‘नस’ हा शब्द फार सैल वापरला जातो. सलाईन लावतात तीही नस, रक्त नेणारी तीही नस आणि मुंग्या येतात तो मज्जातंतूही नसच. इतर वेळी याने काही बिघडत नाही, परंतु या आजारात सगळा निर्णय त्याच फरकावर उभा आहे. मान आणि खांदा यांच्या मध्ये, गळ्याखालचे आडवे हाड आणि सर्वांत वरची बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद वाट असते. हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे, हाताला रक्त नेणारी धमनी आणि हातातले रक्त परत आणणारी शीर, ही तिन्ही तिथून जातात. (मानेच्या बाजूचे स्केलीन नावाचे स्नायू याच वाटेवर आहेत, आणि मज्जातंतू व धमनी त्यांच्या फटीतून बाहेर पडतात.) या वाटेत काहीही दबले तरी त्याला हे एकच नाव देतात. म्हणून निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘ऑपरेशन करू का’ हा नसून ‘माझे काय दबले आहे, मज्जातंतू, शीर की धमनी’ हा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या कागदांवर कुठेही लिहिलेले नाही, असे तुमच्याच वर्णनावरून दिसते.

दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये मज्जातंतू दबलेले असतात, आणि मुंग्या व हात गळून जाणे या तुमच्या तक्रारी त्यातच बसतात. या प्रकारात विचार करायला वेळ असतो. शीर दबून तिच्यात रक्ताची गाठ झाली तर मात्र वेळ नसतो: हात एकाएकी सुजतो, जड होतो, निळसर पडतो आणि खांद्यावर व छातीवर शिरांची जाळी उठून दिसू लागते. अशा वेळी त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) व्हायला हवी, कारण गाठ विरघळवण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत चांगले लागू पडतात. धमनीचा प्रकार सर्वांत दुर्मीळ आहे, परंतु जादा बरगडी असणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायलाच हवा. त्यात हात थंडगार व पांढरा पडतो, मनगटाची नाडी क्षीण लागते, बोटांच्या टोकांना असह्य कळा येतात किंवा तिथे काळे ठिपके उमटतात, कारण दबलेल्या धमनीत तयार झालेल्या गुठळ्या रक्ताबरोबर बोटांत जाऊन अडकतात. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

आता त्या जादा बरगडीविषयी, कारण घरच्यांची भीती तिच्यामुळेच वाढलेली दिसते. मानेच्या सातव्या मणक्याला अशी बरगडी शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला जन्मापासून असते, स्त्रियांमध्ये थोडी अधिक आढळते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती आयुष्यभर काही त्रास देत नाही. तुमच्याच एक्स-रेकडे नीट पाहा. बरगडी दोन्ही बाजूंना आहे, त्रास मात्र उजव्याच हाताला आहे, आणि तोही चौतिसाव्या वर्षी सुरू झाला. म्हणजे बरगडीने जागा आधीच अरुंद केली असेल, पण त्रास उभा राहायला त्यावर आणखी काहीतरी घडलेले आहे. शिवणयंत्रावर तासन्‌तास पुढे झुकून बसणे, खांदे पुढे ओढलेले, मान वाकलेली आणि उजवा हात सतत कापड सरकवत राहिलेला, हे ते ‘आणखी काहीतरी’ असण्याची शक्यता मला पुष्कळ वाटते. बरगडी काढता येते, परंतु बसण्याची ढब तीच राहिली तर काय, हेही शल्यचिकित्सकांना विचारावे.

माझे उलट झाले होते. माझ्या एक्स-रेमध्ये काहीच नव्हते, म्हणून एका खासगी रुग्णालयात ‘मनगटाची नस दबली आहे, छोटे ऑपरेशन करून टाकू’ असे सांगण्यात आले आणि मी जवळजवळ होकार दिला होता. वाचलो तो एका साध्या गोष्टीमुळे. मनगटात दबणाऱ्या मज्जातंतूमुळे अंगठा, पहिले बोट आणि मधले बोट बधिर होते, माझी मात्र करंगळी बधिर होती. पुढे लातूरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला खुर्चीत बसवून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर, कोपरातून काटकोनात, असे धरायला लावले आणि सावकाश मुठी उघडझाप करायला सांगितल्या. ही परीक्षा तीन मिनिटांची असते. समोर भिंतीवर घड्याळ होते. डावा हात शेवटपर्यंत टिकला, उजवा सव्वा मिनिटातच जणू दुसऱ्याचाच असल्यासारखा खाली आला, आणि करंगळीपासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग लागली. एसटीत वरची दांडी धरून उभे राहिले की नेमके हेच व्हायचे, पण ते कुणाला सांगण्यासारखे लक्षण आहे असे मला तोवर वाटलेच नव्हते. तुमचे वेणी घालणे आणि कपडे वाळत घालणे त्याच जातीचे आहे, ते डॉक्टरांना अवश्य सांगा.

खुर्चीत बसवून मान वळवायला लावणे, दीर्घ श्वास घ्यायला सांगणे आणि मनगटाची नाडी नाहीशी होते का पाहणे, ही परीक्षा तुमची झाली असेल. नाडी नाहीशी झाली एवढ्यावर कोणी ऑपरेशन सुचवत असेल तर थांबावे, कारण ठणठणीत माणसांमध्येही ती पुष्कळदा नाहीशी होते.

एनसीव्ही नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असाही अर्थ नाही. मज्जातंतू कायमचा दुखावला जाईपर्यंत ही तपासणी अनेकदा नॉर्मलच येते. तिचा मोठा उपयोग मनगटातला किंवा कोपरातला दाब शोधण्यासाठी होतो. रिपोर्टमध्ये एक गोष्ट शोधा: हाताच्या आतल्या बाजूची, कोपरापासून मनगटापर्यंतच्या त्वचेची संवेदना वाहणारा मज्जातंतू (मीडियल अँटेब्रॅकियल क्युटेनियस) दोन्ही हातांचा तपासून तुलना केली आहे का? बहुतेक ठिकाणी सांगितल्याशिवाय तो तपासत नाहीत. घरी स्वतःपुरते पाहायचे तर बधिरपणा कुठे संपतो ते बोटाने चाचपून पाहा. तो मनगटाच्या घडीशी संपत असेल तर कोपरामागे दाब असण्याची शक्यता वाढते. तो मनगट ओलांडून आतल्या बाजूने कोपराकडे चढत असेल तर दोष कोपराच्या वर, मानेत किंवा या अरुंद वाटेत आहे.

मानेतली गादी सरकूनही हुबेहूब हेच होते, त्यामुळे मानेचा एमआरआय झाला नसेल तर ऑपरेशनच्या आधी तो झालाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. छातीचा साधा एक्स-रेही बघून घ्यावा. फुप्फुसाच्या अगदी टोकाला झालेली कर्करोगाची गाठ याच मज्जातंतूंना गाठते, आणि तेव्हा कधी कधी त्या बाजूची पापणी लोंबू लागते. तुमच्या वयात हे संभवत नाही म्हटले तरी चालेल, पण एक्स-रेला काही फार लागत नाही. आणि आपल्या भागात कोणी बोलून दाखवत नाही ती गोष्ट: कुष्ठरोगातही कोपरामागचा मज्जातंतू जाड होतो आणि करंगळी बधिर पडते. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा असेल तर तो लपवू नये. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. साखर आणि बी-12 तपासलेच असेल.

मज्जातंतूंच्या प्रकारात पहिला उपचार फिजिओथेरपी हाच आहे, आणि ती सहा आठवडे ते तीन महिने नीट केल्याशिवाय ‘उपयोग झाला नाही’ असे म्हणता येत नाही. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, म्हणून मला तारखेची घाई खटकते. नीट करणे म्हणजे मशीनचा शेक घेऊन घरी येणे नव्हे. मला आधी मानेला ताण द्यायला लावला, त्याने दुखणे वाढले. पुढे बाईंनी तो बंद करून छातीऐवजी पोटाने श्वास घ्यायला शिकवले (मी प्रत्येक श्वासाला खांदे उचलत होतो, म्हणजे मानेचे ते स्केलीन स्नायू दिवसभर राबत होते), दाराच्या चौकटीला हात टेकवून छातीचे स्नायू हलके ताणायला लावले, आणि पाठीची फरी (खांद्यामागचे पसरट हाड) मागे-खाली धरून ठेवणाऱ्या स्नायूंना हळूहळू बळ दिले. व्यायाम करताना मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबायचे, हा नियम होता. पहिले पाच आठवडे काही फरक नव्हता. चौथ्या महिन्यात मी अर्धा फळा न थांबता लिहिला.

तुमच्या बाबतीत मी शिवणयंत्रापासून सुरुवात करीन. कोपरे टेकतील एवढे यंत्राचे टेबल उंच करावे किंवा बसायचे स्टूल त्या मानाने बदलावे, पाठीला टेका असावा, आणि अर्ध्या तासाने उठावे, मग ब्लाउज अर्धा राहिला तरी चालेल. दिवाळी आणि लग्नसराईत हे पाळणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे. उजव्या खांद्याला पर्स अडकवू नये, पाण्याने भरलेली घागर किंवा बादली त्या हाताने उचलू नये, हात डोक्याखाली घेऊन झोपू नये. दोरी खाली बांधून घ्यावी.

फिजिओथेरपीचा आग्रह धरताना एक अपवाद सांगितलाच पाहिजे. दोन्ही तळवे उजेडात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पाहा. या आजाराचा विचित्रपणा असा की बधिरपणा करंगळीच्या बाजूला असतो आणि झडतो मात्र अंगठ्याच्या बुडाचा स्नायू. उजवीकडचा उंचवटा खपाटीला गेलेला दिसला, सुईत दोरा ओवणे किंवा काज करणे जमेनासे झाले, तर तीन महिने व्यायाम करीत बसणे चूक ठरेल, कारण झडलेला स्नायू पूर्वीसारखा भरून येईलच असे नसते. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया लवकर सुचवतात आणि ते योग्यच असते.

आणि व्यायाम करूनही शस्त्रक्रियेची वेळ आली तर तीत काय काढणार हे स्पष्ट विचारा. केवळ जादा बरगडी, की पहिली बरगडीही, आणि सोबत स्केलीन स्नायू कापणार का? काही शल्यचिकित्सक गळ्याखालच्या हाडाच्या वरून जातात, काही काखेतून. जागा अशी आहे की फुप्फुसाचे आवरण, श्वासपटलाचा मज्जातंतू आणि खुद्द हाताचे मज्जातंतू अगदी लागूनच असतात, म्हणून ‘अशा शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता’ हा प्रश्न उद्धट नाही. हे काम करणारे बहुधा रक्तवाहिन्यांचे किंवा छातीचे शल्यचिकित्सक असतात आणि त्यांच्यासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागू शकते. तिथे स्केलीन स्नायूत भूल देणारे इंजेक्शन सोनोग्राफीच्या मदतीने देऊन पाहतात. त्याने काही तास हात हलका झाला तर निदान बरोबर असल्याची आणि शस्त्रक्रियेने आराम पडण्याची शक्यता वाढते. पूर्ण आराम सर्वांनाच पडत नाही, हे आधी कबूल करणाऱ्या डॉक्टरवर मी अधिक विश्वास ठेवीन.

दुसरे मत घेण्यासाठी एवढे लांब जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेड, जे सोयीचे पडेल त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग किंवा शल्यचिकित्सा विभागात केसपेपर काढून दाखवता येईल. एक्स-रेची फिल्मच न्या, मोबाइलमधला फोटो नको. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून दाखल होण्याआधीच विचारावे. नंतर विचारले तर धावपळ होते.

म्हणून, हात सुजलेला, निळा किंवा थंड नसेल आणि अंगठ्याचे बूड भरलेले असेल, तर मी पुढच्या महिन्याची तारीख रद्द न करता फोन करून तीन महिने पुढे घेतली असती. तेवढ्यात मानेचा एमआरआय, दुसरे मत आणि फिजिओथेरपी या तिन्ही गोष्टी होतात. रोज किती वेळ यंत्रावर बसलात आणि मुंग्या किती मिनिटांनी सुरू झाल्या, हे वहीच्या मागच्या पानावर लिहीत चला. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याला ‘फळा, 4 मिनिटे’ असे आहे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे न पाहता आधी तेच पान वाचले.