काटा हलत नाही तेव्हा

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

गेले काही आठवडे दिवसाला ८०० कॅलरींवर राहूनही वजन थांबले आहे, म्हणजे आपले चयापचय बंद पडले असणार, असे तू लिहितेस. चयापचय मंदावते हे खरे आहे. परंतु ते बंद पडत नाही, आणि फार कमी खाल्ल्यास शरीर चरबी सोडायचेच थांबते ही समजूत निखालस चुकीची आहे.

याचा सर्वांत सखोल अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले. हा आकडा तुझ्या आहाराच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे ध्यानात घे. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. यातली बरीचशी घट शरीरच लहान झाल्यामुळे होती, उरलेली मात्र शरीराने केलेल्या काटकसरीची. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, आणि एरवी पाककृतींकडे ढुंकूनही न पाहणारे तरुण पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसू लागले. तुला दिवसभर जेवणाचेच विचार येतात, यात तुझ्या मनोनिग्रहाचा दोष नाही.

मग वजन का थांबले? एक कारण पाण्याचे. सुरुवातीला झपाट्याने उतरलेल्या वजनात ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरातील साखरेच्या साठ्याबरोबर, गेलेले पाणी पुष्कळ असते. पुढे उलट शरीरात पाणी साचून चरबीची घट काट्यावर झाकली जाऊ शकते. कीज यांच्या तरुणांच्या घोट्यांवरही सूज आली होती. दुसरे असे की, अर्धपोटी माणूस नकळत कमी हालतो: जिना टाळतो, बसल्या जागचा उठत नाही. तिसरे कारण तुला आवडणार नाही. बाराशेपेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या काही जणांची तपासणी न्यूयॉर्कमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे चयापचय व्यवस्थित होते. आपण किती खातो हे मात्र ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते. ते खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. फोडणीचे तेल, कोशिंबिरीतले दाण्याचे कूट, चहातली साखर आपण मोजतच नाही, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी.

मला खरी काळजी तुझ्या स्नायूंची आहे. पुरेशी प्रथिने आणि व्यायाम नसताना वजन उतरले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पुन्हा पोटभर खाणे सुरू झाले की चरबी आधी परतते. ८०० कॅलरींचे आहार वैद्यकात वापरले जात नाहीत असे नाही. ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना त्यांचा चांगला गुण आल्याचे २०१७ मध्ये दिसले. परंतु ते सर्व पोषक घटक मोजून घातलेले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचे आहार होते. तुझ्यासारखे दोन फुलके आणि काकडीवर दिवस काढणे त्यात बसत नाही. अशा झपाट्याच्या घटीत पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या भारतीय स्त्रीची दिवसाची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १,६६० कॅलरी धरली आहे. तुझी गरज तुझ्या वजनाप्रमाणे काढून घे आणि तिच्यातून तीनशे-चारशेच वजा कर. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांपैकी काहीतरी भरपूर असू दे आणि आठवड्यातून दोनतीनदा वजने उचल. सुरुवातीला काटा किलो-दीड किलोने वर जाईल. ते बहुतांश पाणी असते, घाबरून पुन्हा उपाशी राहू नकोस.

पाळी दोन महिने आली नसल्याचे तू ताजा कलम म्हणून लिहिले आहेस. ते पहिल्या ओळीत यायला हवे होते. अपुऱ्या ऊर्जेमुळे असे होऊ शकते आणि लांबल्यास हाडांवरही परिणाम होतो. परंतु इतर कारणेही असतात, त्यामुळे अंदाज बांधत न बसता याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, आणि तू नेमके किती खात होतीस ते त्यांना स्पष्ट सांग.

तुझी,
मॅडम